बेस गिटार-अ‍ॅम्पचा व्यवसाय: नवीन विकण्याआधी जुनं सांभाळायला शिका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण बेस गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर या विषयाला हात घातला. तारा कशा बदलायच्या, आवाज कसा तपासायचा हे त्यात दाखवता आलं, पण खरेदीची आणि पैशाची बाजू घाईत उरकावी लागली. ती इथे सविस्तर लिहितोय. ज्यांना संगीताची आवड आहे, त्यातच स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय आणि हातात चाळीस हजार ते लाखभर रुपये आहेत, त्यांच्यासाठी हा लेख.

वाद्यांचा व्यवसाय म्हटलं की डोळ्यांसमोर दुकान येतं. काचेचं दार, भिंतीवर ओळीने टांगलेल्या चकचकीत गिटारी. स्पष्टच सांगतो, लाखभर रुपयांत या वाटेला जाऊ नका. नवीन वाद्याची किंमत ग्राहक तुमच्यासमोर उभा राहून मोबाइलवर बघतो. मोठी दुकानं आणि ऑनलाइनवाले ज्या भावात विकतात, त्या भावात तुम्हाला माल मिळतसुद्धा नाही. त्यात बेस ही अकूस्टिक गिटारच्या मानाने फार कमी खपणारी वस्तू. क्लासला जाणारा मुलगा अकूस्टिक घेतो. बेस घेणारा बहुतेक वेळा आधीच कुठल्यातरी बँडमध्ये असतो. एक बेस आठ महिने भिंतीवर राहिली की आठ महिने तुमचं भांडवलच भिंतीवर टांगलेलं राहिलं.

मग कमाई कुठे आहे? ऑर्केस्ट्रा असो, कॉलेजचा बँड असो, वसईतल्या चर्चचा गायकवृंद असो की गोव्यातल्या हॉटेलात वाजवणारे चार जण, तिथे एक बेस लागतेच. ती वापरली जाते, टेम्पोतून हिंडते, पावसाळ्यात दमट हवा खाते आणि बिघडते. शिवाय बेसचा अ‍ॅम्प जड असतो. अनेक वादकांकडे स्वतःची बेस असते, पण कार्यक्रमाला न्यायला अ‍ॅम्प नसतो. म्हणजे मागणी दोन गोष्टींना आहे: चांगल्या स्थितीतलं वाद्य भाड्याने देणारा माणूस, आणि बिघडलेलं वाद्य नीट करून देणारा माणूस. तालुक्याच्या गावी हे दोघंही सहसा सापडत नाहीत. दोन्ही कामं एकच जण करत असेल तर भाड्याचा माल तो स्वतःच सांभाळतो आणि दुरुस्तीसाठी आलेला वादक उद्या त्याच्याकडूनच अ‍ॅम्प घेऊन जातो.

रेडिओ दुरुस्त करणारा माणूस

हे मी हवेत बोलत नाहीये. या वाद्याचा इतिहासच दुरुस्तीच्या दुकानातून सुरू होतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचे गृहस्थ होते. शिक्षण हिशेबाचं, अकाउंटिंगचं. मंदीच्या काळात नोकरी गेली. १९३८ मध्ये त्यांनी ६०० डॉलर उसने घेऊन रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. गावातले वादक त्यांच्याकडे येऊ लागले. त्यांना कार्यक्रमासाठी लाउडस्पीकरची यंत्रणा हवी असायची. फेंडर ती बनवायचे, भाड्याने द्यायचे आणि विकायचेही. या तिन्ही गोष्टी लक्षात ठेवा.

आता गंमत बघा. लिओ फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती. पण काय तुटतं, काय जळतं आणि वादक कशाला वैतागतात, हे त्यांना रोज दिसत होतं. तेव्हा बँडमध्ये खर्जासाठी माणसाच्या उंचीचा उभा डबल बेस असायचा. गाडीत मावत नाही, बाकीच्या वाद्यांपुढे ऐकू येत नाही, आणि त्याला पडदे नसल्यामुळे सूर शोधत वाजवावं लागतं. १९५१ मध्ये फेंडर यांनी गिटारसारखी गळ्यात अडकवायची, पडदे म्हणजे फ्रेट असलेली विजेची बेस बाजारात आणली. फ्रेटमुळे सूर अचूक लागतो, म्हणून नाव प्रिसिजन बेस. पुढच्या वर्षी तिच्यासाठी बेसमन नावाचा अ‍ॅम्प आला. १९६५ मध्ये ही कंपनी १.३ कोटी डॉलरला सीबीएसने विकत घेतली.

लंडनच्या जिम मार्शल यांचंही असंच. ते ड्रमवादक आणि ड्रमचे शिक्षक, त्यांचं वाद्यांचं दुकान होतं. दुकानात येणारी गिटारवाली पोरं काय मागतात हे ऐकून त्यांनी १९६२ मध्ये पहिला अ‍ॅम्प बनवून घेतला, आणि त्याचा आराखडा फेंडरच्या बेसमनवरूनच घेतलेला होता.

तुम्ही फेंडर व्हाल असं मी म्हणत नाही. पण काउंटरवर बसून नवीन डबे विकणाऱ्यापेक्षा, उघडून बघणाऱ्याला या धंद्यातलं जास्त कळतं.

किती वाजवता यायला हवं?

कार्यक्रम करण्याइतकं नाही, पण तपासण्याइतकं नक्की यायला हवं. बेसला साधारणपणे चार तारा असतात, जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी. गिटारच्या वरच्या चार तारांचेच सूर, पण एक सप्तक खाली. मोकळ्या ई तारेची कंपनं सेकंदाला सुमारे ४१, जी तारेची ९८. पाच तारांच्या बेसमध्ये खाली आणखी एक बी तार असते, ती ३१ च्या आसपास.

या आकड्यांचा धंद्यात उपयोग काय? मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून ४१ कंपनांचा खर्ज येतच नाही. म्हणून विकणाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला वाजवण्याचा व्हिडिओ बघून बेस किंवा अ‍ॅम्प घेऊ नका. चांगल्या हेडफोनवर ऐकलंत तर थोडंफार कळेल, पण सौदा समोर बसूनच करायचा.

तीन-चार महिने रोज अर्धा तास द्या. ट्यूनरवर सूर लावणं, प्रत्येक तारेवर पहिल्या फ्रेटपासून शेवटपर्यंत एकेक सूर स्वच्छ काढणं, मेट्रोनोमबरोबर एकसारख्या जोराने वाजवणं, आणि पाच-सहा गाण्यांची बेस पाठ करणं, एवढं पुरे. जुनी हिंदी गाणी हेडफोन लावून ऐका. आर. डी. बर्मन यांच्याकडे टोनी वाझ यांनी बेस वाजवली आहे. त्या काळच्या गाण्यांत बेस कशी गाण्याला उचलून धरते हे ऐकलं की ग्राहक "खर्ज पोकळ वाटतोय" म्हणतो तेव्हा त्याला काय म्हणायचंय ते कळतं. ती भाषा कळली नाही तर दुरुस्ती कशाची करणार?

जुनी बेस घेताना

पहिला माल जुनाच घ्या. नवीन बेस पहिल्याच दिवशी जुनी होते आणि किंमत पडते. ती पडलेली किंमत दुसऱ्याने सोसलेली असू दे. पण जुन्यामध्ये फसायचं नसेल तर नजर एका ठिकाणी ठेवा: मान, म्हणजे नेक.

बेसची नेक लांब असते. नटपासून ब्रिजपर्यंत तारेची मोकळी लांबी साधारण ३४ इंच, आणि चार तारा मिळून तिला सुमारे ८० किलोने ओढत असतात. एक माणूस सतत लोंबकळतोय असं समजा. ही ओढ पेलायला नेकच्या आत लोखंडी सळी असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. बेस हातात घेतली की आधी सुरात लावा. मग ई तार पहिल्या फ्रेटवर दाबा, आणि दुसऱ्या हाताने तीच तार नेक जिथे बॉडीला मिळते तिथे दाबा. आता ही तार तुमची पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी, म्हणजे पाव-तीन दशांश मिलिमीटर. फट अजिबात नसेल तर नेक मागे वाकलीय, फारच मोठी असेल तर पुढे वाकलीय. दोन्ही बहुतेक वेळा दुरुस्त होतं, पण एका अटीवर: ट्रस रॉड फिरायला हवा. ॲलन की सोबत न्या आणि मालकाची परवानगी घेऊन थोडासा फिरवून बघा. नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल, किंवा झिजून की त्यात पकडतच नसेल, तर किंमत कितीही कमी असली तरी नमस्कार करून परत या. ब्रिजकडून डोळा लावून नेक बघितल्यावर ती पिळलेली दिसली, दोरीसारखी एका बाजूला वळलेली, तरीही तेच. पीळ ट्रस रॉडने जात नाही.

त्यानंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवायचा, एकही न सोडता. कुठे खरखर होते, कुठे सूर लगेच मरतो ते वहीत लिहा. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर जरा लवकर विझतो. चांगल्या चांगल्या बेसमध्येही हे असतं, त्यावरून घाबरून सौदा मोडू नका. मात्र फ्रेटवर तारेखाली खोल खाचा पडल्या असतील तर तो खर्च मोठा आहे आणि तो किमतीतून वजा झालाच पाहिजे.

बाकीचं पटकन सांगतो. नॉब फिरवताना करकर आवाज येतो, तो बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने जातो. जॅक ढिला असेल तर एक पाना आणि थोडं सोल्डर पुरतं. हेडस्टॉकच्या मुळाशी बारीक तडा आहे का ते नखाने चाचपून बघा. कोकण, वसई, गोवा या पट्ट्यातली बेस असेल तर ब्रिजचे स्क्रू खाऱ्या हवेने गंजलेले असू शकतात. एकेक स्क्रू फिरवून बघा, गंजून धरलेला स्क्रू जोर लावला की तुटतो. अ‍ॅक्टिव्ह बेस असेल, म्हणजे आत बॅटरी असेल, तर स्वतःची नवी ९ व्होल्टची बॅटरी घालून तपासा. आणि नावाच्या स्टिकरला भुलू नका. नेक सरळ असलेली बिननावाची बेस भाड्यावर पैसे आणते, पिळलेली नामवंत बेस नुसती जागा अडवते.

अ‍ॅम्प: इथे पैसा जातो, इथेच जीवही जाऊ शकतो

अ‍ॅम्पवर जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण नवशिक्यांचं भांडवल बुडतं ते इथे.

पहिलं म्हणजे, बेससाठी बेसचाच अ‍ॅम्प. साध्या गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये बेस लावून आवाज वाढवला की स्पीकरचा कागदी कोन त्याच्या ताकदीपेक्षा जास्त मागेपुढे हलतो आणि फाटतो किंवा आतली कॉइल जाते. घरी हळू आवाजात चालून जातं, ड्रमबरोबर नाही. कीबोर्डचा अ‍ॅम्प त्या मानाने चालतो, तो पूर्ण पट्ट्याच्या आवाजासाठी बनवलेला असतो.

दुसरं वॅट. ग्राहक म्हणतो, ५० वॅटचा आहे, १०० वॅटचा द्या, दुप्पट आवाज पाहिजे. तसं होत नाही. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, जेमतेम जाणवतो. कानाला दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. म्हणून घरच्या सरावाला १५-२५ वॅट, ड्रमबरोबरच्या तालमीला १०० ते ३०० वॅट असा हिशोब धरा. मोठ्या स्टेजसाठी हजार वॅटच्या मागे धावू नका, डीआय बॉक्स ठेवा. तो बेसचा सिग्नल सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरला देतो. प्रेक्षकांना ऐकवणं त्याच्या मोठ्या स्पीकरचं काम, तुमचा अ‍ॅम्प वादकाला स्वतःला ऐकू येण्यापुरता. किमतीने लहान, आकाराने डब्याएवढी ही वस्तू भाड्याच्या प्रत्येक सेटबरोबर द्या.

तिसरं, ओहम. अ‍ॅम्पच्या मागे लिहिलेलं असतं, कमीत कमी ४ ओहम किंवा ८ ओहम. ८ ओहमचे दोन कॅबिनेट समांतर जोडले की एकूण ४ होतात. अ‍ॅम्पची मर्यादा ८ ची असेल आणि तुम्ही ४ जोडले तर अ‍ॅम्प तापून जातो. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर उलट काळजी: स्पीकर न जोडता तो चालूच करायचा नाही. आणि हेडपासून कॅबिनेटपर्यंत स्पीकरचीच वायर लावायची, गिटारची नाही. दोन्हींच्या पिना सारख्या दिसतात, म्हणून गोंधळ होतो. लाल टेप आणि पांढरी टेप लावून वेगळ्या करून ठेवा.

चौथं, परदेशातून आलेला माल. "माझ्या मेव्हण्याने अमेरिकेतून आणलाय, एकदम नवीन, स्वस्तात देतो." अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, आपली २३०. मागच्या पट्टीवर १०० ते २४० असं लिहिलेलं असेल तर पिन बदलून काम भागतं. नुसतं १२० लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, तोही अ‍ॅम्पच्या वॅटपेक्षा बऱ्यापैकी मोठा आणि चांगला जड. भाड्याच्या धंद्यात असा अ‍ॅम्प ठेवू नका असंच मी सांगेन. मांडवातला कोणीतरी हौशी माणूस तो सरळ बोर्डाला लावणार आणि सगळं क्षणात संपणार.

आता तपासणी. जुना अ‍ॅम्प दोन मिनिटं वाजवून घेऊ नका, वीस मिनिटं वाजवा. गरम झाल्यावर उघडे पडणारे दोष पहिल्या पाच मिनिटांत दिसत नाहीत. आवाज शून्यावर ठेवून मोठी घुंइंग येते का ऐका. मोकळी ई तार जोरात वाजवून कॅबिनेटचं लाकूड, जाळी, स्क्रू खडखडतात का बघा. अ‍ॅम्प बंद करून, वायर काढून, स्पीकरच्या दोन टोकांना मल्टीमीटर लावा: ८ ओहमचा स्पीकर ६ च्या आसपास दाखवतो, ४ चा ३ च्या थोडा वर. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलीय. मग दोन्ही हातांची बोटं कोनवर सारखी टेकवून अलगद आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल जळून फुगलीय.

अ‍ॅम्पचं खोकं उघडून आतली दुरुस्ती मात्र शिकल्याशिवाय करू नका. प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये ती शेकडो व्होल्टची असते. त्यासाठी जाणकार मेकॅनिक जोडून ठेवा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ, तिथे सुटे भागही मिळतात आणि काम करणारी माणसंही. जुन्या धाटणीचे जड ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प अशा ठिकाणी दुरुस्त होतात. नवे हलके क्लास डी अ‍ॅम्प उचलायला सोपे, पण बिघडले की बऱ्याचदा अख्खं सर्किट बदलावं लागतं. भाड्यासाठी मी जडच घेईन. पाठ दुखेल, पण खिसा नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: अर्थिंग. बेसच्या तारा वायरीमार्फत अ‍ॅम्पच्या धातूच्या खोक्याला जोडलेल्या असतात. खोकं अर्थ केलेलं असेल तर उत्तम. पण मांडवात वीज कुठून कुठून ओढलेली असते, जनरेटर असतो, अ‍ॅम्प एका बोर्डावर आणि माइक दुसऱ्यावर. एका बाजूचं अर्थिंग तुटलेलं असलं आणि वादकाचा हात तारांवर असताना ओठ माइकला लागले, की प्रवाह त्याच्या शरीरातून जातो. १९७२ मध्ये ब्रिटनमधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज बँडचे गिटारवादक लेस हार्वे स्टेजवरच असे गेले. हातात गिटार होती आणि अर्थिंग नीट नसलेल्या माइकला हात लागला.

म्हणून कार्यक्रमाआधी एक सवय लावून घ्या. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बेसच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. काही व्होल्टसुद्धा दिसले तर वाजवणं थांबवायचं, इलेक्ट्रिशियनला बोलवायचं, मंडळाचे कार्यकर्ते कितीही घाई करोत. स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड ठेवा, त्यात ३० मिलिअ‍ॅम्पचा आरसीसीबी बसवून घ्या. घुंइंग घालवायची म्हणून अ‍ॅम्पच्या प्लगची तिसरी पिन तोडणारे महाभाग भेटतील. त्यांच्या हातात तुमचा माल देऊ नका. घुंइंगसाठी डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटन असतं. ते फक्त सिग्नलची वाट तोडतं, विजेचं अर्थिंग शाबूत राहतं.

सांभाळणं म्हणजे काय

दुरुस्तीसाठी तुमच्याकडे येणाऱ्या बेसपैकी बऱ्याच मुळात बिघडलेल्या नसतातच, त्यांना फक्त सेटअप हवा असतो. सेटअपचा एक क्रम आहे, तो मोडायचा नाही: आधी सूर, मग नेक, मग तारांची उंची, मग इंटोनेशन, शेवटी पिकअपची उंची. नेक हलवली की उंची बदलते आणि उंची बदलली की इंटोनेशन बदलतं. उलट क्रमाने केलंत तर दिवसभर तेच काम करत बसाल. ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच फिरवायचा, पुन्हा सूर लावायचा, मग बघायचं. तारांची उंची सतराव्या फ्रेटवर मोजतात. जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या जवळपास आणि बारीक तारेखाली दोन, इथून सुरुवात करा आणि ग्राहकाच्या हाताप्रमाणे वरखाली करा. इंटोनेशन म्हणजे बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक जुळवणं. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे न्यायचं, उतरलेला आला तर पुढे.

तारा एकेक करून बदला, सगळ्या एकदम काढल्या तर नेकवरची ओढ अचानक जाते. बेसची तार कापण्याआधी ती काटकोनात वाकवा, नाहीतर वरचा विळखा सुटतो आणि तार मेली. बेसच्या तारांचा संच महाग असतो, म्हणून काही जण जुन्या तारा पाण्यात उकळून परत लावतात. मळ निघून आवाज थोडे दिवस उजळतो हे खरं आहे. स्वतःच्या बेसवर खुशाल करा. ग्राहकाकडून नव्या तारांचे पैसे घेऊन उकळलेल्या लावल्यात, तर धंदा त्या दिवशीच संपला समजा, गाव लहान असतं.

पावसाळा हा आपल्याकडचा मोठा शत्रू. लाकडी वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कोकणात जुलैमध्ये ती ८० च्या वर असते. नेक हलते, बहुतेक वेळा तारा वर येतात, तारा आणि फ्रेट काळे पडतात. डिजिटल आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो, तो घ्या. बेस केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि रंग बदलला की पुड्या तापवून परत वापरा. भिंतीला टेकून ठेवू नका, ओल भिंतीतून येते. अ‍ॅक्टिव्ह बेसची वायर वाजवून झाल्यावर काढून ठेवायची, जॅकमध्ये वायर असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते. अ‍ॅम्पच्या पंख्यातली धूळ ब्रशने काढा, हादऱ्यांनी सुटणारे स्क्रू महिन्यातून एकदा आवळा. कॅबिनेटला भोक असेल तर गोडाऊनमध्ये त्यावर जाळी लावा. उंदराला इतकं सुरेख घर दुसरं मिळत नाही.

हिशोब

समजा तुम्ही एकच सेट उभा केलात. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या शहरातले भाव विचारून स्वतःचे घाला. जुनी बेस १४,०००, तिच्या तारा आणि किरकोळ दुरुस्ती १,५००, जुना १०० वॅटचा कॉम्बो अ‍ॅम्प १८,०००, डीआय बॉक्स, वायरी, बॅग, एक्स्टेन्शन बोर्ड मिळून ४,५००. एकूण ३८,०००. एका कार्यक्रमाचं भाडं १,२०० धरू. त्यातून तारांची झीज, बॅटरी, पेट्रोल म्हणून २५० बाजूला काढले तर हातात ९५०. म्हणजे सेट ४० वेळा बाहेर गेला की पैसे सुटले. महिन्याला सरासरी तीन वेळा गेला तर तेरा-चौदा महिने. मध्येच कोणी चुकीचा स्पीकर जोडून अ‍ॅम्प उडवला आणि दुरुस्ती ६,००० ची निघाली, तर आणखी सात कार्यक्रम फुकट गेले. सेटअपचं काम वेगळं. त्यात भांडवल अडकत नाही, फक्त तुमचे दोन तास जातात, म्हणून पहिल्या वर्षी घर त्यावर चालवा आणि भाड्याच्या पैशातून दुसरा सेट उभा करा.

कागदपत्रांचं थोडक्यात: उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. दुरुस्ती, भाडं, विक्री मिळून वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पुढे जाऊन नोंदणी केलीत तर जुन्या वस्तूंच्या विक्रीत फक्त नफ्याच्या रकमेवर कर भरायची सोय आहे. त्याबद्दल तुमच्या सीएला नक्की विचारा.

भाड्याची पावती मात्र पहिल्या दिवसापासून छापील ठेवा. त्यावर सिरीयल नंबर, वस्तू देतानाचे चार फोटो ग्राहकाच्या मोबाइलवर पाठवल्याची नोंद, अनामत रक्कम, परत आणायची वेळ, आणि दोन वाक्यं ठळक: "सोबत दिलेल्या वायरी व बोर्डच वापरावेत" आणि "प्लगची पिन बदलल्यास किंवा तोडल्यास अनामत परत मिळणार नाही." वस्तू परत आली की ग्राहकासमोरच पाच मिनिटं वाजवून घ्या. ओळखीचा असला तरीही. "दादा, तुमच्यावर विश्वास नाही असं नाही, सगळ्यांचंच बघतो" असं हसून म्हटलं की कोणी रागावत नाही.

सुरुवात कधी करायची, हा प्रश्न उरतो. गणपती, नवरात्र, मग कॉलेजांचे महोत्सव आणि नाताळ, असा मागणीचा काळ सलग येतो. त्याआधीचे जून-जुलै भाड्याला थंड असतात, पण वादकांच्या बेस घरीच पडून असतात आणि पावसाने सेटअप हललेला असतो. त्या दोन महिन्यांत तुमच्या भागातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांना, चर्चच्या गायकवृंदांना आणि कॉलेजच्या सांस्कृतिक विभागांना स्वतः जाऊन भेटा, त्यांच्या बेस सेटअपला घेऊन या. बेस परत द्यायला जाल तेव्हा भाड्याच्या अ‍ॅम्पचं दरपत्रक सोबत न्या.